शेवटच्या रविवारी तुमच्या घरी ‘दुसरी मॅच’ कोण बघतं?

ऐरोलीची गनर

परवाच्या रविवारी, १९ मे २०२४ला, रात्री साडेदहाच्या सुमारास बाबांनी पेन्सिल घेतली आणि कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकटीत लिहिलं, ‘सिटी ९१, आ. ८९’. मँचेस्टर सिटी आणि आमचं आर्सेनल, दोघांचे हंगामाचे गुण. बाजूच्या चौकटीत आईने दुधाचा खाडा मांडलेला होता. दुसऱ्या दिवशी ठाण्याचं मतदान, सगळ्यांना सुट्टी, झोपायची घाई कुणालाच नव्हती. तरी घरात कुणी बोलत नव्हतं. हावर्ट्झने ८९व्या मिनिटाला गोल करून एव्हर्टनविरुद्धची मॅच जिंकून दिली होती. आमचं काम आम्ही केलं होतं, आणि लीग तिकडे मँचेस्टरला राहिली होती.

मॅचचे वृत्तांत सगळीकडे मिळतात. मला लिहायचं आहे ते दुसऱ्या मॅचबद्दल.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये शेवटच्या दिवशी फुटबॉलचे दहाही सामने एकाच वेळी सुरू होतात. आपण बघत असतो एक आणि जीव अडकलेला असतो भलत्याच गावातल्या दुसऱ्यात. तिथे काय चाललंय ते सांगणारं एक माणूस घरात लागतं. आमच्याकडे ते काम गेली पंचवीस वर्षं बाबा करतात. त्यांना फुटबॉलचं वेड कधीच नव्हतं. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर हिशेब लिहिले. खेळ बघताना ते गप्प असतात, पण गुणतक्ता समोर ठेवला की त्यांचे डोळे चमकतात.

सुरुवात १९९९ची. त्याच्या आदल्या वर्षी वर्ल्डकपमध्ये बर्गकॅम्पने अर्जेंटिनाविरुद्ध शेवटच्या मिनिटाला जो गोल केला, तो बघून मी हा माणूस कुठल्या क्लबकडून खेळतो ते शोधत गेले आणि आर्सेनलची झाले. १९९९च्या मे महिन्यात मी दहावीच्या निकालाची वाट बघत होते. आम्ही नौपाड्यात तिसऱ्या मजल्यावर राहायचो. शेवटच्या दिवशी, १६ मेला, मँचेस्टर युनायटेडचे ७६ गुण होते, आमचे ७५. टीव्हीवर युनायटेडची मॅच होती, आमची नव्हती. मी रडकुंडीला आले. बाबांनी माळ्यावरून ट्रान्झिस्टर काढला, गॅलरीत जाऊन बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस लावली आणि कानाला लावून बसले.

२४व्या मिनिटाला स्पर्सच्या, म्हणजे आमच्या कट्टर वैरी टॉटनहॅमच्या, लेस फर्डिनंडने युनायटेडवर गोल केला. स्पर्सच्या गोलवर मी ओरडले, आयुष्यात पहिल्यांदाच. बाबांनी लगेच कागदावर आकडे मांडले. त्या क्षणी दोघांचे ७६-७६ गुण होते आणि गोलफरकही तंतोतंत सारखा होता. आमची मॅच ॲस्टन व्हिलाशी होती, तिथे आम्हाला एक गोल हवा होता, एकच. "एक गोल झाला की तुझा क्लब पहिला," असं बाबा गॅलरीतून म्हणाले ते मला अजून ऐकू येतं. ती अठरा मिनिटं मी टीव्हीकडे पाठ करून त्यांच्या तोंडाकडे बघत बसले होते. मग ४२व्या मिनिटाला बेकहॅमचा गोल झाला, हाफटाइमनंतर लगेच अँडी कोलचा. आणि ६६व्या मिनिटाला बाबा धावत आत आले, "अगं, कानूने मारला, कानूने!" कानू हे नाव त्यांना इतकं घरातलं वाटलं की आजही त्यांना आर्सेनलचा दुसरा कुणी आठवला नाही तरी कानू आठवतो. पण तोपर्यंत तिकडे २-१ झालं होतं. युनायटेड ७९, आम्ही ७८.

त्या रात्री बाबांनी चौकटीत ते दोन आकडे लिहिले आणि मला विचारलं, "हा एक गुण कुठे गेला?" मी पाच दिवस मागे गेले. ११ मेला लीड्सकडे आम्ही ०-१ हरलो होतो, हॅसेलबेंकचा गोल. तिथे नुसती बरोबरी केली असती तर गुण सारखे झाले असते. बाबांनी ११ तारखेच्या चौकटीभोवती गोल काढला. ते पान त्यांनी फाडून कपाटात ठेवलं. तेव्हापासून दर मे महिन्याचं पान आमच्याकडे आहे.

२००४ची चौकट सर्वात शांत आहे. लीग आधीच जिंकलेली होती, प्रश्न होता तो हंगामभर न हरण्याचा. हायबरीवर, आमच्या तेव्हाच्या मैदानावर, लेस्टरने पहिला गोल केला, तोही पॉल डिकोव्हने, जो एकेकाळी आमचाच होता. मग ऑन्रीची पेनल्टी, बर्गकॅम्पचा पास, व्हिएराचा गोल, २-१. २६ विजय, १२ बरोबऱ्या, पराभव एकही नाही. त्या दिवशी दुसरी मॅच नव्हती, म्हणून बाबा माझ्या शेजारी सोफ्यावर बसून पूर्ण मॅच बघू शकले. असं फार कमी वेळा झालंय.

आणि २००६. हे मी नीट लिहिते, कारण मला विचाराल तर माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम शेवटचा दिवस तोच.

हायबरीवरची ती शेवटची मॅच होती. १९१३पासून आर्सेनल तिथे खेळत होतं, ९३ वर्षं. चॅम्पियन्स लीगसाठी चौथी जागा हवी होती आणि स्पर्स आमच्यापुढे होते, ६५ विरुद्ध ६४. ते वेस्ट हॅमच्या मैदानावर, आम्ही घरी विगनविरुद्ध. टीव्हीवर या वेळी आमची मॅच होती. घरी तेव्हा इंटरनेट नव्हतं. बाबा खाली चौकातल्या सायबर कॅफेत जाऊन बसले आणि वेस्ट हॅमचा स्कोअर बघत राहिले. प्रत्येक गोलला ते तीन मजले चढून वर यायचे, हातात चिठ्ठी. वय चौपन्न. पहिली चिठ्ठी ‘वे. हॅ. १’. मी उडी मारली. त्यानंतर आम्हीच १-२ने मागे पडलो. ऑन्रीने बरोबरी केली आणि त्याच सुमारास तिकडे डिफोने स्पर्सची बरोबरी केली, म्हणजे बाबा दुसरी चिठ्ठी घेऊन आले तेव्हा मी आनंदात होते आणि त्यांचा चेहरा पडलेला. हाफटाइमनंतर ऑन्रीने आणखी दोन मारले, ४-२. दुसरा पेनल्टीवर होता, आणि तो झाल्यावर त्याने गुडघ्यांवर बसून हायबरीच्या गवताचं चुंबन घेतलं. मी एकटीच टीव्हीसमोर रडत होते आणि दारात बाबा उभे होते, घामाने शर्ट भिजलेला. चिठ्ठीवर एकच शब्द: ‘बेनायून’. ८०व्या मिनिटाला त्याने वेस्ट हॅमचा दुसरा गोल केला होता. नाव स्पेलिंगसकट नीट उतरवून आणलं होतं त्यांनी, कारण "तू विचारशील कोणी मारला".

ती चिठ्ठी मे २००६च्या पानाला टाचणीने लावलेली आहे.

आता पुढचं ऐका. २०१२ला मी लग्न होऊन ऐरोलीला आले होते, बाबा ठाण्यातच. तिसऱ्या जागेसाठी आम्ही ६७, स्पर्स ६६. आम्ही वेस्ट ब्रॉमकडे, स्पर्स घरी फुलहॅमविरुद्ध, आणि त्यांनी दुसऱ्याच मिनिटाला गोल केलेला. फोन कानाला लावून आम्ही दोघं पूर्ण दोन तास बोलत होतो. चौथ्या मिनिटाला आमचा पहिला गोल. बाबांनी विचारलं, कोण? मी म्हटलं, बेनायून. दोन क्षण पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग म्हणाले, "तोच?" तोच. सहा वर्षांपूर्वी वेस्ट हॅमकडून खेळून ज्याने आम्हाला चौथी जागा दिली, तो त्या वर्षी चेल्सीकडून उसना आला होता. शेवटी कोशिएल्नीच्या गोलने ३-२, आणि शेवटच्या मिनिटांत गिब्जने जीव तोडून घातलेली ती टॅकल. ७० विरुद्ध ६९.

कोशिएल्नीबद्दलही एक ओळ हवीच. २०१३ला न्यूकॅसलमध्ये पुन्हा त्याच्याच एका गोलने आम्ही चौथे झालो, ७३ विरुद्ध ७२. आणि २०१७च्या शेवटच्या दिवशी, एव्हर्टनविरुद्ध, १४व्या मिनिटाला त्यालाच रेड कार्ड. ३-१ जिंकूनही आम्ही पाचवे. वीस वर्षांत पहिल्यांदा पहिल्या चारांबाहेर.

बाबांना या आकड्यांनी छळलंय. २०१६ला ७१ गुणांत आम्ही दुसरे होतो, एका वर्षाने ७५ गुणांत पाचवे. १९९८ला ७८ गुणांत चॅम्पियन, आणि आता ८९ गुणांत दुसरे. या हंगामात २८ विजय आहेत, न हरणाऱ्या त्या संघाचे २६ होते. "गुण तुमचे असतात, पण त्यांची किंमत बाजार ठरवतो," असं ते म्हणतात.

परवा बाबा आमच्याकडेच होते. आमची मॅच टीव्हीवर, सिटी-वेस्ट हॅम त्यांच्या हातातल्या टॅबवर, कानात यंत्र. दोन मिनिटं व्हायच्या आत ते म्हणाले, "फोडेन." सिटीचा गोल. अठराव्या मिनिटाला पुन्हा, "फोडेन." त्यानंतर ते बराच वेळ काही म्हणाले नाहीत. ४०व्या मिनिटाला एव्हर्टनने आमच्यावर गोल केला. आणि मग ४२व्या मिनिटाला वेस्ट हॅमच्या कुडूसची ती उलटी किक, गोल, बाबा उभे राहिले. ते काय झालं सांगायच्या आत इकडे टोमियासूने बरोबरी केली. दोन गोल, दोन मैदानं, एक मिनिट. आम्ही जिंकायचं आणि वेस्ट हॅमने अजून एक मारायचा, बस्स. हाफटाइमला मी चहा ठेवला आणि मला खरोखर वाटलं होतं की होणार.

५९व्या मिनिटाला बाबांनी टॅब उलटा करून टेबलावर ठेवला. रॉड्री, सिटीचा तिसरा. त्यांनी नाव घेतलं नाही, मी विचारलं नाही.

नंतर नेहमीचा प्रश्न, हे दोन गुण कुठे गेले. एप्रिलमध्ये घरी व्हिलाकडून ०-२, ३१ डिसेंबरला फुलहॅमकडे १-२. आणि २८ डिसेंबरला घरी ०-२, कुणाकडून? वेस्ट हॅमकडून. त्यांचा दुसरा गोल माव्रोपानोसचा, जो आमच्याकडे होता. ज्यांनी डिसेंबरात आमचे तीन गुण नेले त्यांच्याकडेच आम्ही मे महिन्यात एक मागत होतो. बाबांनी मागच्या वर्षीचं कालनिर्णय काढून २८ तारखेभोवती गोल काढला.

तुमच्या क्लबचे शेवटचे दिवस लिहा. क्लब कुठलाही असो. आणि दुसरी मॅच कोण बघत होतं तेही लिहा.

प्रतिसाद

कोपरीकर

ताई, युनायटेडवाला असूनही दोनदा वाचलं. १९९९ला मी आमच्या चाळीत त्या टीव्हीसमोर होतो आणि तुमच्या त्या अठरा मिनिटांत माझ्या घशाला कोरड पडली होती. आमच्याकडे ट्रान्झिस्टर नव्हता, त्यामुळे आर्सेनलने गोल केला की नाही हे कळायला मार्गच नव्हता. आता कळतंय की एक गोल पुरला असता.

माझा दिवस मात्र १३ मे २०१२. त्याच रात्री तुम्ही फोनवर होतात. वसंत विहारला मित्राकडे जमलो होतो, एका टीव्हीवर आमची सन्डरलंडची मॅच, लॅपटॉपवर सिटीची. रूनीने विसाव्या मिनिटाला मारला, मॅच आम्ही १-० जिंकली आणि संपलीही. तिकडे क्यूपीआर दहा जणांत खेळून २-१ने पुढे होतं, ९० मिनिटं होऊन गेलेली. मित्राच्या आईने पेढ्यांचा बॉक्स उघडला होता. जेको, २-२. मग आगुएरो, ९३ मिनिटं २० सेकंदांवर. आमचे खेळाडू सन्डरलंडच्या मैदानावरच उभे होते, सगळ्या गर्दीला आधी कळलं, त्यांना नंतर. ८९ गुण दोघांचे, गोलफरक ६४ विरुद्ध ५६. लॅपटॉप मीच बघत होतो. खोलीत ते सांगणारा मी होतो. बारा वर्षं झाली, त्या मित्रांत कुणी ‘तू सांगितलंस’ म्हणून बोलत नाही, पण मला ते वाक्य बोलल्याचं अजून आठवतं: "अरे, झाला."

तलावपाळी

फार सुंदर. चिठ्ठीपाशी थांबावं लागलं. वडिलांना नमस्कार सांगा.

पारसिक

लिव्हरपूल. आमच्याबद्दल काय लिहू. १२ मे २०१९, वुल्व्ह्जविरुद्ध. मानेने १७व्या मिनिटाला गोल केला आणि आम्ही तक्त्यात वर गेलो. ब्रायटनने सिटीवर गोल केला तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीने स्वयंपाकघरातून किंकाळी फोडली, मोबाइल तिच्याकडे होता. मी अजून सोफ्यावरून उठतोय तेवढ्यात ती म्हणाली, "बरोबरी." ८३ सेकंद टिकली ती आघाडी. तरी आम्ही वरच होतो, ३८व्या मिनिटाला लापोर्टने मारेपर्यंत. १७ ते ३८, एकवीस मिनिटं. ९७ गुण, पूर्ण हंगामात एक पराभव, तोही सिटीकडून, आणि दुसरे. त्या पराभवात एक चेंडू गोलरेषेवरून स्टोन्सने काढला होता, पूर्ण आत जायला साधारण अकरा मिलिमीटर कमी. तुमच्या बाबांनी गोल काढायचा झाला तर तो ३ जानेवारी २०१९च्या चौकटीत काढावा लागेल.

२०२२ला पुन्हा तेच. व्हिला सिटीच्या मैदानात २-०ने पुढे, आणि दुसरा गोल मारणारा कुटिन्यो, आमचा जुना. बहीण रडायला लागली होती आनंदाने. मग गुंदोआन, रॉड्री, गुंदोआन, सगळं पाच-सहा मिनिटांत. ९३-९२. त्यानंतर बहिणीने दुसरी मॅच बघायचं काम सोडलं. आता मी दोन्ही बघतो आणि नीट एकही बघून होत नाही.

वाशीची खाडी

एक शंका. सगळे सामने एकाच वेळी ठेवायची पद्धत पहिल्यापासूनच आहे का?

येऊर

लीगचं वेगवेगळ्या देशांत वेगळं असेल, पण वर्ल्डकपमध्ये ही सक्ती आली ती १९८२च्या एका मॅचमुळे. स्पेनमध्ये हिहोन गावात २५ जूनला पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया. अल्जिरियाची शेवटची मॅच आदल्या दिवशीच होऊन गेलेली, त्यामुळे दोघांनाही ठाऊक होतं की जर्मनी एका-दोन गोलने जिंकली की दोघंही पुढे आणि अल्जिरिया बाहेर. दहाव्या मिनिटाला गोल झाला आणि उरलेला वेळ चेंडू इकडून तिकडे. अल्जिरियाने त्याच स्पर्धेत जर्मनीला हरवलेलं होतं, तरी ते घरी गेले. पुढच्या वर्ल्डकपपासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी. म्हणजे ही जी दोन मॅचची घालमेल आपण सोसतो ती अल्जिरियाच्या पोरांसाठी आहे असं मी धरतो.

आणि दुसरी मॅच बघणाऱ्यांनी जर्मन लीगमधल्या शाल्कंची गोष्ट विसरू नये. १९ मे २००१. शाल्कं ५-३ जिंकलं, हॅम्बुर्गने ९०व्या मिनिटाला बायर्नवर गोल केला, म्हणजे लीग शाल्कंची, आणि मैदानात बातमी पसरली की तिकडची मॅच संपली. लोक मैदानात उतरले, फटाके. मॅच संपलेली नव्हती. मोठ्या पडद्यावर त्यांनी बायर्नच्या अँडरसनला फ्री किकवर गोल करताना बघितलं. चार मिनिटांचे चॅम्पियन म्हणतात त्यांना. खबर देणाऱ्याने शिट्टी वाजल्याशिवाय खबर देऊ नये, हे मी त्यावरून शिकलो.

घोडबंदर रोड

मी स्पर्सचा आहे. हा धागा उघडताना हात थोडा थांबला, पण ताईंनी कुठे टोचलेलं नाही म्हणून लिहितो.

२००६च्या त्या सकाळी आमचे बरेच खेळाडू हॉटेलात उलट्या करत होते. आधी सगळ्यांनी रात्रीच्या लझानियाला दोष दिला, नंतर तपासणीत पोटाचा विषाणू निघाला. मॅच पुढे ढकलायची विनंती केली, मान्य झाली नाही. कॅरिक जेमतेम उभा होता. मी तेव्हा कॉलेजात. ज्या बेनायूनची चिठ्ठी तुमच्याकडे टाचून ठेवलेली आहे, त्याच्या गोलनंतर मी टीव्ही बंद करून तलावपाळीला जाऊन बसलो आणि दहा वाजता घरी आलो.

२०१६ तर त्याहून वाईट, कारण त्या वेळी कुणी आजारी नव्हतं. दुसऱ्या जागेला एक बरोबरी पुरे होती. न्यूकॅसल आधीच खालच्या डिव्हिजनमध्ये गेलेलं, त्यात मित्रोविचला रेड कार्ड मिळून दहा जण, आणि आम्ही ५-१ने हरलो. दहा जणांनी शेवटचे तीन मारले. आम्ही ७०, तुम्ही ७१. तुमच्या चौकटीत ते कसं लिहिलंय माहीत नाही, माझ्या डोक्यात ते कोरलेलं आहे.

पण २२ मे २०२२ आमचा. नॉर्विचकडे ५-०, सॉनचे दोन, २३ गोल करून सलाहच्या बरोबरीने गोल्डन बूट. तुम्ही एव्हर्टनला ५-१ हरवलंत आणि तरी पाचवे, ६९ विरुद्ध ७१. माझी बायको फुटबॉल बघत नाही, पण त्या रात्री तिने तुमची मॅच मोबाइलवर लावली होती आणि प्रत्येक गोलला मला सांगत होती, "त्यांनी मारला, पण तुमचे जास्त आहेत." घरात कुणीतरी आपल्यासाठी परक्या मॅचकडे बघत बसतं, त्याची किंमत मला त्या दिवशी कळली. म्हणून हा प्रतिसाद.

ऐरोलीची गनर

घोडबंदर रोड, मनापासून आभार. २०१६ची चौकट उघडून बघितली. बाबांनी फक्त ‘न्यू. ५’ लिहिलंय आणि त्याखाली दोन रेघा. कारखान्यात बेरीज जुळली की मारायचे तशा.

पारसिक, बहिणीला सांगा, बाबांनीही २०१७नंतर एक वर्ष काम सोडलं होतं. २०१८ला आमचे प्रशिक्षक वेंगर यांची शेवटची मॅच हडर्सफील्डकडे होती, तेव्हा परत आले. हिशेब काहीच नव्हता, नुसते बसले.

नेरूळ पश्चिम

सगळे इंग्लंडला गेलेत. मी इथलं लिहितो.

माझा क्लब मुंबई सिटी. २०१४ला इंडियन सुपर लीगच्या पहिल्या हंगामात डी. वाय. पाटील स्टेडियम आमच्या घरापासून चालत होतं. तोवर ते माझ्यासाठी आयपीएलचं मैदान. तिथे पहिल्यांदा फुटबॉल बघितला आणि आपल्या गावाला स्वतःचा क्लब आहे, त्यासाठी पहाटे उठावं लागत नाही, हे मला फार मोठं वाटलं. नंतर क्लब अंधेरीला गेला, आम्ही हार्बर पकडून मागे गेलो.

२८ फेब्रुवारी २०२१. कोविडमुळे सगळा हंगाम गोव्यात, मैदानं रिकामी. लीगची शेवटची मॅच एटीके मोहन बागानशी. ते ४० गुणांवर, आम्ही ३७. जिंकलं तर शिल्ड, म्हणजे लीगमध्ये पहिलं येणाऱ्याची ढाल, आमची, कारण पहिली मॅच आम्हीच जिंकलेली. सातव्या मिनिटाला फॉलचं हेडर, ३९व्या मिनिटाला ओगबेचे. २-०. ४०-४० आणि शिल्ड मुंबईला. मी घरी, माझे सगळे स्टेडियमचे मित्र आपापल्या घरी, व्हिडिओ कॉलवर अकरा चौकोन. खेळाडूंनी शिल्ड उचलली तेव्हा त्यांच्यासमोरही कुणी नव्हतं.

आणि आता एप्रिलमध्ये, १५ तारखेला, पुन्हा बागान, पुन्हा शेवटची मॅच. या वेळी उलटं. आम्ही ४७, ते ४५, आम्हाला बरोबरी पुरे, पण मैदान सॉल्ट लेकचं आणि स्टेडियम भरलेलं. लिस्टन कोलासोने पहिल्या हाफमध्ये मारला, कमिंग्जने दुसऱ्यात. छांगतेने ८९व्या मिनिटाला एक परत केला आणि मग मी उभाच राहिलो शिट्टीपर्यंत. २-१. ४८-४७. ताई, यात दुसरी मॅच नाही. जे काही आहे ते त्याच एका गवतावर. तुमच्या बाबांसारखं कुणी आतल्या खोलीतून येऊन सांगेल अशी आशाही नसते.

तीन आठवड्यांनी, ४ मेला, त्याच सॉल्ट लेकवर कपची फायनल, पुन्हा बागान, आणि पुन्हा त्यांनीच पहिला गोल केला. पेरेरा डियाझ, बिपिन, वोयतुस. ३-१. कप आमचा. लोक विचारतात की मग शिल्डचं दुःख गेलं का. नाही गेलं. बावीस मॅचची बेरीज होती ती.

कोपरीकर

नेरूळ पश्चिम, बावीस मॅचची बेरीज, अगदी.

वेस्ट हॅमबद्दल एक राहिलं. १४ मे १९९५. ब्लॅकबर्न अॅनफिल्डवर हरलं, म्हणजे आम्ही जिंकलो असतो तर लीग आमची. आम्ही वेस्ट हॅमकडे, १-१. त्यांचा गोलकीपर मिक्लोस्को एकटा उभा राहिला आमच्यासमोर. ब्लॅकबर्न ८९, युनायटेड ८८. १९९५ला आम्हाला अडवलं, २००६ला स्पर्सना, आणि परवा सिटीला अडवायचं होतं तेव्हा नाही जमलं.

नेरूळ पश्चिम

मोठे आहेत का हो बाबा? त्यांना स्टेडियममध्ये न्यायला आवडेल. पुढच्या हंगामात.

ऐरोलीची गनर

बहात्तर वर्षांचे आहेत. काल रात्री जेवण झाल्यावर सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. ‘अरे, झाला’पाशी त्यांनी मला थांबवलं आणि कोपरीकर कुठल्या गल्लीत राहायचे ते विचारायला सांगितलंय. हिहोनची गोष्ट त्यांना माहीत नव्हती. अल्जिरियाचे गुण किती होते, गोलफरक किती, असं विचारत होते. जिंकल्यावर तेव्हा दोनच गुण मिळायचे, तीन संघ चार-चार गुणांवर होते, एवढं सांगितलं. गोलफरक आज शोधून देते.

नेरूळ पश्चिम, ते येतील म्हणतात, पण एक अट आहे. मुंबई सिटीच्या बावीसही मॅचचे निकाल तारखेसकट हवेत, शिल्ड गेली ती नेमकी कुठे गेली ते त्यांना बघायचंय. एप्रिलचं पान अजून भिंतीवरच आहे, मे महिन्याच्या मागे. १५ तारखेच्या चौकटीत गॅस सिलिंडरची नोंद आहे, पण खाली थोडी जागा आहे.